इन्स्टॉलरने कष्ट वाचवावेत, निर्णय लपवू नयेत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि तळमळीने लिहिलेली होती, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटलं नाही. मूळ लेखात मी म्हटलं होतं की लिनक्स इन्स्टॉल करणं जितकं सोपं करता येईल तितकं करावं, तिथे कुणाची परीक्षा घेऊ नये. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इन्स्टॉल करतानाची अडचण हीच लिनक्सची खरी शाळा. ज्याने हाताने पार्टिशन (डिस्कचे भाग) पाडली, एफएसटॅब (कोणती पार्टिशन कुठे जोडायची याची यादी) लिहिली, बूटलोडर (यंत्र सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) बसवला, तो पुढे काही बिघडलं तर स्वतः दुरुस्त करतो. ज्याने नुसतं ‘पुढे, पुढे’ दाबलं तो पहिल्याच मोठ्या अपडेटला अडकतो आणि तेच तेच प्रश्न विचारत फिरतो. सोपे इन्स्टॉलर धोक्याचे निर्णय लपवतात आणि त्यात लोकांचा डेटा जातो. आणि सगळं असंच सोपं करत गेलो तर विंडोज आणि लिनक्समध्ये फरक काय उरला? आर्च या डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाचा, दाखला तुम्ही दिलात. तिथे इन्स्टॉलर नव्हता म्हणूनच इतके जाणते वापरकर्ते आणि इतकी उत्तम विकी (वापरणाऱ्यांनीच लिहिलेला माहितीकोश) घडली, असं तुम्ही लिहिलंत.

यातला निर्णय लपवण्याचा मुद्दा मला जवळजवळ जसाच्या तसा मान्य आहे, आणि खाली मी सर्वांत जास्त त्याच्यावरच लिहिलं आहे. पण आधी आर्चबद्दल बोलू या, कारण तुमचा बाकीचा युक्तिवाद त्या दाखल्यावर उभा आहे आणि इतिहास तसा नाही.

जड व्हिने यांनी २००२ मध्ये आर्च सुरू केलं. तेव्हापासून पुढची दहा वर्षं आर्चमध्ये मेनूवाला इन्स्टॉलर होता. दिसायला साधा, फक्त अक्षरांचा, पण इन्स्टॉलरच. त्याचं शेवटचं रूप म्हणजे आर्च इन्स्टॉलेशन फ्रेमवर्क. जुलै २०१२ च्या इमेजमधून (इन्स्टॉल करण्यासाठी उतरवायच्या फाइलमधून) ते काढून टाकलं गेलं, आणि कारण काय होतं? त्याची देखभाल करायला पुरेशी माणसं उरली नव्हती. त्याच्या जागी पॅकस्ट्रॅप, जेनएफएसटॅब, आर्च-सीएचरूट अशा छोट्या स्क्रिप्ट आल्या आणि बाकीचं काम वापरणाऱ्याच्या हाती गेलं. म्हणजे आज आपण ज्याला आर्चची कसोटी म्हणतो ती कुणी कसोटी म्हणून आखलेली नव्हती. विकी तर त्याच्या कितीतरी आधीपासून भरत आली होती, इन्स्टॉलर वापरून आर्च बसवलेल्या लोकांच्याच हातून. पुढे एप्रिल २०२१ मध्ये आर्चइन्स्टॉल अधिकृत इमेजमध्ये आलं आणि मेनू परत आला. हाताने बसवण्याची मार्गदर्शिका अजून जागेवर आहे, विकीही तितकीच चांगली आहे.

याच्याही मागे जाऊ. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सर्वांसमोर ठेवला तेव्हा ‘इन्स्टॉल करणं’ म्हणावं असं काही नव्हतंच. एक बूट फ्लॉपी, एक रूट फ्लॉपी, आणि हार्ड डिस्कवरून बूट करायचं असेल तर हेक्स एडिटर घेऊन बूट सेक्टरमध्ये हात घालायची तयारी. फेब्रुवारी १९९२ मध्ये मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ल ब्लांक यांनी एमसीसी इंटरिम नावाचा फ्लॉपींचा संच तयार केला. त्यात मेनू होता आणि ज्यांना युनिक्सची फारशी सवय नाही त्यांनाही तो बसवता यावा हा त्यामागचा उद्देश होता. त्याच वर्षी एसएलएस नावाचा आणखी एक संच आला. १९९३ मध्ये एसएलएसमधल्या चुका दुरुस्त करत पॅट्रिक फोल्करडिंग यांचं स्लॅकवेअर आलं, आणि एसएलएसच्या ढिसाळपणाला कंटाळून इयन मर्डॉक यांनी डेबियन जाहीर केलं. डिस्ट्रो ही कल्पनाच मुळात इन्स्टॉल करण्याचा त्रास कमी करण्यातून जन्मली आहे. सोपेपणा हा नंतर बाहेरून आलेला बाजारी आग्रह आहे असं तुमच्या प्रतिक्रियेत सुचवलेलं दिसतं. मला तो या सगळ्या कामाचा पाया वाटतो.

आता शिकण्याबद्दल. अडचणीतून माणूस शिकतो हे खरं आहे, पण प्रत्येक अडचण शिकवतेच असं नाही. एके काळी एक्सफ्री८६ (पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवणारा प्रोग्राम) चालू करायला मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सी शोधून मोडलाइन (त्या आकड्यांच्या ओळी) लिहाव्या लागत. जुन्या सीआरटी मॉनिटरला चुकीचा आकडा दिला तर मॉनिटर खराब होण्याची भीती असे, तसा इशाराच कागदपत्रांत दिलेला असायचा. लिलो हा जुना बूटलोडर वापरणाऱ्याने कर्नल बदलल्यावर लिलो पुन्हा चालवायला विसरलं की यंत्र बूटच होत नसे. जुन्या बायोसमुळे (यंत्र चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्राममुळे) कर्नल डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरच्या आत ठेवावा लागे. हे सगळं पाठ असलेले लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आज मॉनिटर स्वतःच आपली माहिती यंत्राला देतो, ग्रब हा आजचा बूटलोडर फाइल सिस्टिम वाचून कर्नल शोधतो, आणि यामुळे लिनक्सचं ज्ञान उणावलं असं कुणी म्हणणार नाही. ते अडथळे होते, ते गेले, आणि डोक्यातली तेवढी जागा दुसऱ्या कामाला मोकळी झाली.

हाताने आर्च बसवण्यात मात्र खरोखर शिकण्यासारखं काही आहे, इथे मी तुमच्या बाजूने आहे. मी ते केलं आहे आणि मला त्यात आनंद मिळाला. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते सीएचरूट. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) बूट करायचं, डिस्कवरची रूट (मुख्य) पार्टिशन माउंट करायची म्हणजे जोडून घ्यायची, तिच्यात शिरायचं आणि आतून यंत्र दुरुस्त करायचं. हे एकदा हाताला लागलं की बिघडलेला बूटलोडर, विसरलेला पासवर्ड, अर्धवट राहिलेलं अपडेट, काहीच भीतीदायक राहत नाही. एफएसटॅबमध्ये एसडीए१ असं नाव न लिहिता यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) का लिहायचा हेही तेव्हाच पक्कं कळतं: डिस्क जोडण्याचा क्रम बदलला की नावं बदलतात, यूयूआयडी बदलत नाही.

पण हे शिकायला आपलं रोजचं यंत्र कशाला पणाला लावायचं? ज्या डिस्कवर एखाद्याचे फोटो, हिशेब, प्रबंध पडलेले आहेत त्या डिस्कवर त्याने आयुष्यात पहिल्यांदा पार्टिशन टेबल लिहावं, ही शिकवण्याची पद्धत मला क्रूर वाटते. व्हर्च्युअल मशीनमध्ये (आपल्याच यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेल्या नकली यंत्रात) तीच कमांड, तोच सीएचरूट, तोच ग्रब मिळतो आणि चूक झाली तर एक फाइल पुसून पुन्हा सुरुवात करता येते. मुद्दाम मोडून पाहता येतं, जे खऱ्या यंत्रावर कुणी करत नाही आणि ज्यातून सर्वांत जास्त शिकायला मिळतं. एफएसटॅबमध्ये मुद्दाम चुकीचा यूयूआयडी लिहा, रीबूट करा, आपत्कालीन शेल (कमांड टाइप करायचा पडदा) समोर आलं की वाचा ते काय सांगतंय. तुमची शाळा मला हवीच आहे. फक्त ती लिनक्सच्या दारात अडसर म्हणून नको.

दारात अडवलेले लोक आपल्याला दिसत नाहीत, ही आणखी एक अडचण. हाताने बसवून तरबेज झालेला माणूस आपल्याशी बोलतो, लिहितो, विकी सुधारतो. जो तिसऱ्या पायरीला थांबला आणि यंत्र मिटून निघून गेला तो काही लिहीत नाही. त्याच्यात जिज्ञासा नव्हती असं आपण कशावरून ठरवायचं?

आता तुमच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. सोपा इन्स्टॉलर निर्णय लपवतो. हो, अनेकदा लपवतो, आणि तिथे माझा राग तुमच्याइतकाच आहे. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय घ्या. यंत्रात दोन डिस्क असतील आणि समोर फक्त एनव्हीएमई०एन१ आणि एसडीए अशी नावं असतील तर नवख्याने काय ओळखायचं? तिथे डिस्कचं मॉडेल, आकार, तिच्यावर सध्या कोणती सिस्टिम सापडली आणि कोणत्या पार्टिशन जाणार आहेत, हे सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे. कॅलामारेस हा इन्स्टॉलर आधीची आणि नंतरची डिस्क अशा दोन पट्ट्या दाखवतो ते मला म्हणूनच आवडतं. जीपार्टेड हा पार्टिशन पाडायचा प्रोग्राम सगळे बदल रांगेत ठेवतो आणि ‘लागू करा’ म्हटल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर बदल डिस्कवर लिहू का असं विचारतो आणि आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असतं. घाईत एंटर दाबणारा तिथे बचावतो. ही एवढीशी गोष्ट, पण ती ज्याने ठरवली त्याने समोरच्या माणसाचा विचार केलेला आहे.

याउलट चित्रं आणि बटणं आली म्हणजे सोपं झालं असंही नाही. फेडोरा या डिस्ट्रोच्या १८ व्या आवृत्तीसाठी तिचा इन्स्टॉलर, ॲनाकोंडा, नव्याने लिहिला गेला. त्या कामामुळे आवृत्ती लांबत गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये बाहेर पडली. दिसायला स्वच्छ, पण ‘पूर्ण’चं बटण वर डाव्या कोपऱ्यात, आणि ते दाबल्यावर डिस्कचं नक्की काय होणार हे अनुभवी लोकांनाही कळेना. माझ्या दृष्टीने तो इन्स्टॉलर अवघड होता, मग त्यात कितीही कमी टाइप करावं लागो. सोपं म्हणजे पुढच्या क्षणी काय होणार हे आधी कळणं.

काही ठिकाणी तर मी म्हणेन की इन्स्टॉलरने मुद्दाम थांबवावं. डिस्क एन्क्रिप्ट करताना घातलेला पासफ्रेज हरवला तर डेटा गेला, तिथे ‘पासवर्ड विसरलात का’ नसतं. हे मोठ्या अक्षरांत सांगूनच पुढे जाऊ द्यावं. आणि कीबोर्डची मांडणी! पासफ्रेज एका मांडणीत टाइप केलेला असतो आणि बूट होताना दुसरीच मांडणी चालू असते. पासफ्रेज बरोबर असूनही कुलूप उघडत नाही आणि माणूस स्वतःच्या आठवणीला दोष देत बसतो. इन्स्टॉलरने तिथल्या तिथे, बूटच्या वेळी जी मांडणी असेल त्याच मांडणीत, पासफ्रेज पुन्हा टाइप करवून घ्यावा. यात दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

विंडोज शेजारी ठेवून लिनक्स बसवणाऱ्यांचंही तसंच. नव्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आधीच एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूटची (फक्त सही असलेलेच प्रोग्राम बूट होऊ देणारी) सेटिंग बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे साठवली आहे हे त्याला तेव्हा शोधावं लागतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज बंद केलं तरी त्याची पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते, आणि मग लिनक्समधून तिच्यावर लिहिता येत नाही. काही यंत्रांत स्टोरेज इंटेलच्या आरएसटी या खास मोडमध्ये असतं आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. नवखा म्हणतो, ‘लिनक्सला माझी डिस्क ओळखता येत नाही.’ ती सेटिंग नुसती एएचसीआय या साध्या मोडवर नेली की विंडोज उठत नाही, त्याची आधी तयारी करावी लागते.

आता सांगा, यातली कोणती अडचण त्याला जाणता वापरकर्ता करते? ग्राफिक्स ड्रायव्हरचं तर त्याहून वाईट. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला की अनेक डिस्ट्रोंमध्ये एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीबूट झाल्यावर निळ्या पडद्यावर एमओके (यंत्राच्या मालकाने मान्य केलेल्या सहीच्या की) व्यवस्थापनाचा मेनू येतो, काही सेकंद थांबतो, आणि कुणी कळ दाबली नाही तर निघून जातो. ड्रायव्हर लोड होत नाही आणि का झाला नाही हे कुणी सांगत नाही. निर्णय माणसाकडूनच मागितला आहे, पण तो कशाबद्दल आहे हे कळण्याची सोय नाही. तुम्ही म्हणता ते निर्णय लपवणं आणि हे निर्णय अंगावर फेकणं, दोन्हींत माणूस तितकाच असहाय होतो.

मग सोपेपणा आणि उघडपणा एकत्र नांदू शकतात का? डेबियनने ते करून दाखवलं आहे. बरीच वर्षं तिथल्या अधिकृत इमेजमध्ये मुक्त परवाना नसलेलं फर्मवेअर (हार्डवेअर चालण्यासाठी त्यात भरावा लागणारा प्रोग्राम) नसायचं. तत्त्व स्वच्छ होतं, पण वाय-फाय कार्डाला तेच फर्मवेअर लागायचं आणि ते उतरवायला वाय-फाय लागायचं. २०२२ मध्ये प्रकल्पातल्या सदस्यांनी मतदान करून ते अधिकृत इमेजमध्ये घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते लागू झालं. त्या ठरावाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही: कोणतं फर्मवेअर लोड झालं याची माहिती वापरणाऱ्याला द्यायची, ती बसवलेल्या सिस्टिमवर नोंदवून ठेवायची, आणि ज्याला ते नको आहे त्याला बूट करतानाच बंद करता यावं. यंत्र पहिल्याच दिवशी चालतं आणि आपण कशावर अवलंबून आहोत हेही माहीत असतं. मला हवा असलेला सोपेपणा हा असा आहे.

अवघडपणा कुणासाठी, हा प्रश्न तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आला नाही म्हणून तोही मांडतो. डेबियनच्या बूट मेनूवर ‘एस’ आणि मग एंटर दाबलं की इन्स्टॉलर बोलू लागतो. ज्याला दिसत नाही तो कुणाच्याही मदतीशिवाय स्वतःचं यंत्र स्वतः बसवू शकतो. ही सोय कुणीतरी कष्टाने घडवली आहे, आणि ‘ज्याला जमेल त्यानेच यावं’ म्हणणाऱ्यांच्या जगात ती घडली नसती. भाषेचंही तेच. लिनक्सच्या साध्या कन्सोलला (फक्त अक्षरांच्या पडद्याला) एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती माहीत असतात आणि जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. म्हणून डेबियनचा इन्स्टॉलर मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत फक्त ग्राफिकल रूपातच चालतो. टर्मिनलवरून हाताने बसवणं हीच अट ठेवली तर इंग्रजी येणं ही दुसरी अट न सांगता तिच्यासोबत येते.

विंडोजशी फरक काय उरला, या प्रश्नाला माझं उत्तर छोटं आहे. विंडोज सोपं आहे असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते कधी बसवलेलंच नसतं, ते यंत्रासोबत आलेलं असतं. २०२२ पासून स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रासोबत आर्चवर आधारलेलं लिनक्स तसंच येतं. वापरणारा एकही पार्टिशन न पाडता खेळायला लागतो, आणि ज्याला वाटेल तो डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन टर्मिनल उघडतो. लिनक्सचं वेगळेपण बसवल्यानंतरच्या रोजच्या दिवसांत आहे: आत काय चाललंय ते पाहता येतं, बदलता येतं, नको ते काढता येतं, सोर्स वाचता येतो. त्यावर इन्स्टॉलरच्या सोपेपणाने काही ओरखडा उठत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्यांची चांगली चालणारी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत असे लोक आज लिनक्सकडे गरजेपोटी येतायत. जिज्ञासा त्यांच्यात नंतर जागी होईलही, पण आज त्यांना काम करायचं आहे आणि ते कुणाच्या परीक्षेला बसायला आलेले नाहीत.

आणि तेच तेच प्रश्न. एकच प्रश्न शंभर जणांनी विचारला तर शंभर जण आळशी असण्यापेक्षा इन्स्टॉलरमध्ये एक उणीव असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तिथे उत्तरासोबत बग नोंदवावा.

शेवटी तुम्ही विचारलंत, नवख्याला मग नेमकं सांगायचं काय. मी सांगतो ते असं. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेला. विंडोज असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची आणि फास्ट स्टार्टअप बंद करायचं. आयएसओ (इन्स्टॉलची इमेज) उतरवल्यावर चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आणि सही दोन्ही तपासायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या साइटवरचा दुवा हल्लेखोरांनी मागचं दार (गुपचूप आत शिरण्याची वाट) ठेवलेल्या आयएसओकडे वळवला होता, तेव्हा ही सवय नसलेल्यांना काही कळायला मार्ग नव्हता. मग लाइव्ह यूएसबीवर काही वेळ काम करून वाय-फाय, आवाज, झोपेतून उठणं हे सगळं पाहायचं. त्यानंतर खुशाल सोपा इन्स्टॉलर वापरायचा, फक्त डिस्कच्या पानावर घाई करायची नाही. आणि लिनक्स रुळलं, आत डोकावावंसं वाटलं, की व्हर्च्युअल मशीनमध्ये आर्च हाताने.

या शेवटच्या पायरीसाठी मला तुमची मदत हवी आहे. प्रतिक्रियेत तुम्ही सीएचरूटपर्यंतचे टप्पे इतके नेमके लिहिले आहेत की ते नवख्यांसाठी थोडे विस्ताराने लिहून दिलेत तर मी ते इथे तुमच्या नावाने छापेन. व्हर्च्युअल मशीन यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) ठेवून लिहा, म्हणजे ईएफआय पार्टिशनचा भागही त्यात येईल. आणि जमलं तर प्रत्येक टप्प्यानंतर एक गोष्ट मुद्दाम बिघडवून ती दुरुस्त कशी करायची तेही लिहा.